बाईंनी लिहिलेला शेवट

बाईंच्या कादंबरीची नवी आवृत्ती आली आहे. परवा भाचीनं मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, तुमच्या बाई!' मुखपृष्ठावर मावळता सूर्य आहे, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई घराच्या दाराकडे तोंड करून उभी आहे, आणि खाली ठळक अक्षरांत 'सौ. इंदुमती' असं लिहून पुढे नवऱ्याचं आडनाव छापलं आहे. बाईंनी आयुष्यभर एकच नाव लावलं, इंदू पाथरे. शाळेत तेच, पुस्तकांवर तेच, पोस्टमन हाक मारायचा तेच. त्यांना जाऊन एक आख्खं आयुष्य उलटलं, पण त्यांचं साधं नावसुद्धा कुणाला त्यांना परत द्यावंसं वाटलेलं नाही. मी भाचीला उत्तर पाठवलं नाही. राग आला की माझी बोटं भलतीच अक्षरं दाबतात. या कादंबरीचं नाव मी या प्रकरणात कुठेही लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहेच, आणि ज्यांना नाही त्यांनी माझ्यामुळे त्या खोट्या पुस्तकाची एकसुद्धा प्रत विकत घेऊ नये.

आमचा मळा मखमलाबादच्या रस्त्याला होता. आता तिथे मोठमोठ्या इमारती आहेत आणि त्यांच्या पार्किंगखाली कुठेतरी आमची विहीर बुजलेली आहे. तेव्हा मात्र नाशिक शहर आमच्यापासून चांगलं लांब होतं. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि मधल्या वाफ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची धकधक. ते सुरू झालं की घरात सगळे आपोआप ओरडून बोलायला लागायचे आणि ते बंद पडलं तरी थोडा वेळ ओरडतच राहायचे. उजाडायच्या आधी आई आणि दोन-तीन बाया फुलं तोडायला लागत. दवानं त्यांच्या लुगड्यांचे घोळ ओले होत. मग ओल्या फडक्यात बांधलेल्या पाट्या घेऊन आई पंचवटीच्या बाजारात जाऊन बसायची, ती दुपारी परत. येताना तिच्या अंगाला निशिगंधाचा आणि नदीकाठच्या चिखलाचा असा एकत्र वास यायचा. संध्याकाळी चुलीवर बाजरीच्या भाकरी, लोखंडी तव्यात ठेचा, आणि थंडीच्या दिवसांत उडदाचं घुटं. घुट्याला आई लसणाची अशी फोडणी द्यायची की वाफ्यात पाणी भरणारे दादा, म्हणजे माझे वडील, पाण्याची दारं अर्धी सोडून घराकडे वळायचे.

बाई आईला पहिल्यांदा भेटल्या त्या बाजारातच. शाळेत मराठी शिकवायच्या, सकाळची शाळा सुटली की आमच्या आईकडून मेथीची जुडी घ्यायच्या आणि ती नीट निवडलेली आहे का हे न पाहताच पिशवीत टाकायच्या. आईला या गोष्टीचं फार आश्चर्य वाटायचं. त्यांची दोन पुस्तकं तेव्हा प्रसिद्ध झालेली होती, गावातल्या बायका ती वाचनालयातून आणून पाठ्यपुस्तकासारखं कव्हर घालून वाचत, म्हणजे घरात कुणी विचारू नये. नवऱ्याचं घर सोडून त्या नाशिकला आल्या होत्या. नवरा नगरकडचा नामांकित वकील. त्यानं कधी घटस्फोट दिला नाही आणि बाईंनी कधी मागितला नाही, त्यांना कोर्टात त्याच्यासमोर पुन्हा उभं राहायचंच नव्हतं. नाशिकमध्ये त्यांना खोली मिळेना. घरमालकांना भाडं चालत होतं, एकटी बाई चालत नव्हती. एकानं तर त्यांच्या पुस्तकाची भरभरून तारीफ केली, प्रतीवर सही करून घेतली, आणि मग सांगितलं की वरच्या खोलीचं काम काढायचंय, यंदा जमणार नाही.

हे त्यांनी एकदा मेथी घेताना सहज सांगितलं. आई म्हणाली, "आमच्या मळ्यात खताची खोली हाय. झाडून सारवून देते. चालती का बघा."

दादांना ते ऐकून जरा धास्ती वाटली. लोक काय म्हणतील, एकट्या बाईचं लचांड कशाला, असं ते जेवताना दोनदा म्हणाले. आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विचारलं की जे बोलणार आहेत ते उद्या सकाळी फुलं तोडायला येणार आहेत का. विषय तिथेच संपला. पुढच्या रविवारी एका टांग्यातून बाई आल्या. एक पत्र्याची पेटी, एक टेबल, पुस्तकांची पोती, आणि एक स्टोव्ह, ज्यावर त्यांना साबुदाण्याच्या खिचडीशिवाय काही करता येत नसे. तीही धड नाही. त्यांची खिचडी म्हणजे एकजीव गोळा. चमच्यानं घ्यायला जावं तर आख्खी चमच्याबरोबर वर यायची. आई त्यांना रोज एक भाकरी आणि भाजी पाठवायची आणि त्या ते ताट परत देताना कधीही रिकामं देत नसत. कधी शेंगदाणे, कधी पेरू, कधी शाळेत कुणाच्या वाढदिवसाचे पेढे.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला बाईंची बोटं आखडायला लागली. संधिवात. खडूनं फळ्यावर लिहिणं कसंबसं जमायचं, पण टाक धरून पानंच्या पानं लिहिणं अशक्य झालं. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, तुझं अक्षर कसं आहे. मी दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, सुंदर नाही, पण खोटं नाही, चालेल. तेव्हापासून कॉलेजातून आले की हातपाय धुऊन मी त्यांच्या खोलीत बसायची. त्या येरझाऱ्या घालत सांगायच्या आणि मी लिहायची. विरामचिन्हंसुद्धा सांगायच्या, आणि 'पूर्णविराम' हा शब्द इतका हळू उच्चारायच्या की वाक्य खरंच थांबल्यासारखं वाटायचं. मधेच इंजिन सुरू झालं की म्हणायच्या, थांब, तुझे दादा बोलताहेत. आई उंबऱ्यात हार ओवत बसलेली असायची. आधी ती केवळ सोबतीला म्हणून बसायची, पुढे मात्र मी उशिरा आले तर रागवायला लागली, कारण तिलाही गोष्ट पुढे ऐकायची असायची.

गोष्ट होती सगुणाची. नवऱ्याच्या घरातून अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडलेली सगुणा एका बाजारगावात पिठाच्या गिरणीवर कामाला लागते आणि पुढे तीच गिरणी चालवते, एवढीच गोष्ट. पण बाई ती अशी सांगायच्या की मला माझ्या भुवयांवर पीठ जमल्यासारखं वाटायचं. आईला सगुणाचा नवरा अजिबात आवडत नव्हता. त्याला एकदा तरी चांगली अद्दल घडवा, असं ती बाईंना वरचेवर सांगायची.

बाई हसून म्हणायच्या, "वहिनी, अद्दल घडवायला तिला वेळ कुठे आहे? दळणाची रांग लागलीय."

मी जो शेवट लिहिला तो असा आहे. नवरा अंथरुणाला खिळतो आणि निरोप धाडतो. सगुणा जाते. त्याला मऊ भात करून भरवते, त्याची धुणी धुते, घर झाडून काढते. तो म्हणतो, आता राहा. ती म्हणते, लोकांचं दळण ठेवून आलेय. आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत फिरते. गिरणी उघडते. बायका डबे घेऊन ओट्यावर बसलेल्याच असतात. शेवटचं वाक्य मला आजही न अडखळता म्हणता येतं: 'सगुणानं पट्टा चढवला, कळ दाबली आणि आवाज वाढायच्या आत विचारून घेतलं, "पुढचं कुणाचं?"'

बाई पूर्णविराम म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. आईनं विचारलं, संपली? बाई म्हणाल्या, संपली. आईच्या हातातली सुई थांबलेली होती. ती म्हणाली, "बरं झालं, माघारी आली. मला वाटलं आता तिथंच अडकती." त्या दिवशी बाईंनी आनंदानं खिचडी केली आणि आम्ही तिघींनी तो गोळा सुरीनं कापून खाल्ला.

मी हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे ज्या लोकांनी मला विचारलं की तुला काय माहीत, त्यांच्यापैकी एकही जण त्या खोलीत नव्हता.

बाई गेल्या त्या अचानक. शाळेत वर्गावरच कोसळल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध होती, नंतर ती गेली आणि थोड्याच दिवसांत सगळं संपलं. आई आणि मी आळीपाळीनं त्यांच्याजवळ होतो. शाळेच्या कागदपत्रांत जवळचा नातेवाईक म्हणून नवऱ्याचं नाव राहून गेलेलं होतं, त्यामुळे शाळेनं तिकडे त्या गेल्याची तार केली. ज्या माणसानं इतक्या वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, तो मोटार करून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला. उंच, गोरा, पांढरा शुभ्र सदरा, बोलणं अतिशय मऊ. सोबत त्याची बहीण होती. तिच्या पिशवीत हिरवी साडी होती, हिरव्या बांगड्या होत्या आणि मंगळसूत्र होतं. आमच्या डोळ्यांदेखत त्या बाईनं ते सगळं बाईंच्या अंगावर चढवलं. आखडलेल्या बोटांवरून बांगड्या जाईनात, तर तेल लावून चढवल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

आई पुढे होऊन म्हणाली की बाई हे काही घालत नव्हत्या, त्यांना त्यांच्या पांढऱ्या साडीतच राहू द्या.

बहीण म्हणाली, "आमची सून आहे. सवाष्ण गेली, भाग्याची. तुम्ही कोण?"

तुम्ही कोण. हा प्रश्न त्यानंतर मला इतक्यांदा विचारला गेला आहे, पण पहिल्यांदा तो माझ्या आईला विचारला गेला, जिनं बाईंना भरवलं होतं, पुसलं होतं, जिच्या हातात त्यांचा हात होता. ती खोलीबाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिला रडताना पाहिलेलं होतं, पण असं पाहिलेलं नव्हतं.

गोदावरीवर अंत्यसंस्कार उरकून वकीलसाहेब मळ्यात आले. खोली पाहिली, रुमालानं नाक धरलं, आणि पेटी गाडीत ठेवायला सांगितली. त्या पेटीत कादंबरीची सगळी पानं होती. मी आडवी आले. म्हटलं, हे बाईंचं लिखाण आहे, ते त्यांच्या प्रकाशकाकडे जायचंय. त्यांनी माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं. म्हणाले, पत्नीच्या वस्तूंवर पतीचा हक्क असतो मुली, कायदा आहे तो, आणि मीच ती प्रकाशकांना पोचवीन, तू काळजी करू नकोस. दादांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. त्यांनाही ते पटलेलं नव्हतं, पण कायदा म्हटलं की आमच्या घरात बोलणं थांबायचं. गाडी गेली. आईनं खोलीला कुलूप लावलं आणि पुढे कित्येक महिने तिथे खत ठेवू दिलं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा पुस्तक निघालं. मला ते वाचनालयाच्या टेबलावर दिसलं. मुखपृष्ठावरचं 'सौ.' दिसलं, पण तरी वाटलं, नाव बदललं असेल, आतलं तर तेच असणार. सुरुवातीला वकीलसाहेबांची प्रस्तावना होती. आपल्या प्रोत्साहनामुळे पत्नी लिहिती झाली, मधल्या काळात काही गैरसमजांमुळे अंतर पडलं, परंतु या अखेरच्या कृतीतून तिनं आपलं मन मोकळं केलं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मी पानं उलटत थेट शेवटावर गेले. सगुणा नवऱ्याकडे जाते, भात भरवते, तो म्हणतो, आता राहा. इथपर्यंत माझं अक्षर होतं. त्यापुढे सगुणा डोळ्यांना पदर लावते, कमरेची गिरणीची किल्ली काढते आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवते. तो तिच्या मस्तकावर हात ठेवतो. देवघरात सांजवात लागते. 'तिची वणवण संपली होती.'

बाईंनी 'वणवण' हा शब्द सगुणासाठी एकदाही वापरला नव्हता. 'मस्तक' हा शब्द तर त्या शाळेतल्या निबंधांतसुद्धा लाल शाईनं खोडायच्या. मी ते पान इतक्या जोरानं मिटलं की शेजारी पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. घरी आले आणि आईला तो शेवट सांगितला. ती भाजीच्या जुड्या बांधत होती. तिला आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचलं. मी शब्द न् शब्द पुन्हा सांगितला. तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मेल्यावर तिला घरी नेऊन बसवली यांनी."

पहिल्या स्मृतिदिनाला गावातल्या एका सभागृहात कार्यक्रम ठरला. पुस्तकाचं औपचारिक प्रकाशन आणि आदरांजली असं दोन्ही एकदम. आयोजकांपैकी कुणीतरी आईकडे हाराची ऑर्डर दिली. बाईंच्या फोटोला घालायचा म्हटल्यावर आईनं तो हार दुसऱ्या कुणाला ओवू दिला नाही. पांढरी शेवंती आणि निशिगंध, एकाही रंगीत फुलाशिवाय. तो पोचता करून आम्ही दोघीही सभागृहात जाऊन बसलो, मागच्या रांगेत, कारण पुढच्या रांगांवर 'राखीव' असे कागद चिकटवलेले होते.

व्यासपीठावर गावातले मान्यवर होते. ज्यांनी बाईंना खोली नाकारली ते घरमालकसुद्धा स्वागत समितीत होते, छातीला फुलाचा बिल्ला लावून. टेबलावर फोटो होता तो बाईंच्या लग्नातला. सोळा-सतरा वर्षांची नथ घातलेली भेदरलेली मुलगी. त्या फोटोत मला बाई ओळखताच आल्या नाहीत. भाषणं झाली. एकानं सांगितलं की त्या स्वभावानं अतिशय सोशिक होत्या. दुसऱ्यानं सांगितलं की त्यांनी कधी कुणाविरुद्ध शब्द काढला नाही. अध्यक्षांनी, जे कॉलेजात मराठीचे मोठे प्राध्यापक होते आणि माझेही, कादंबरीच्या शेवटावर बराच वेळ भाष्य केलं. स्त्रीचं बंड हे शेवटी घराच्या ओढीतच विसर्जित होतं, हे कै. इंदुमतीबाईंना उमगलं होतं, असं ते म्हणाले. सगळ्यात शेवटी वकीलसाहेब उठले. तिचं माझ्यावर अखेरपर्यंत प्रेम होतं हे मला तिच्या कादंबरीनं सांगितलं, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि सभागृहातल्या कितीतरी बायकांनीही पुसले.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "हा शेवट बाईंचा नाही. कादंबरी मी लिहून घेतलीय. सगुणा परत गिरणीवर येते."

सभागृहातल्या खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष म्हणाले, ताई, हा आदरांजलीचा प्रसंग आहे, बसून घ्या. मी बसले नाही. वकीलसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. मळ्यात बोलले होते त्याच मऊ आवाजात ते म्हणाले, "या मुलीच्या भावना मी समजू शकतो. पण पुरावा काय?"

"तुमच्याकडची पानं माझ्या अक्षरात आहेत. ती आणा इथे."

"ती छापखान्यातच राहिली. छपाई झाल्यावर कोण जपून ठेवतं?"

मग मी शेवट म्हणायला सुरुवात केली. अगदी बाई सांगायच्या तसा, विरामचिन्हांवर थांबत. भात झाला, धुणं झालं, एस.टी. निघाली. लोक ऐकत होते. मला आठवतं, समोरच्या रांगेतल्या एका बाईनं मान वळवली आणि ती वळवलेलीच ठेवली. सगुणा गिरणीच्या ओट्यावर पोचली आणि तेवढ्यात कुणीतरी खूण केली. व्यासपीठाशेजारी गणवेशातल्या शाळकरी मुली तयार उभ्याच होत्या. त्यांनी समारोपाचं राष्ट्रगीत सुरू केलं. अशा गीताला सगळ्यांनी उठायचं असतं आणि तोंड बंद ठेवायचं असतं. सगळे उठले, आणि मी, आधीच उभी असलेली, गप्प झाले. शेवटचं वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं. माझा आवाज बंद करायला त्यांना शिपाईसुद्धा लागला नाही.

गीत संपलं आणि चहाची गडबड सुरू झाली. मी आईला शोधत होते. ती माझ्या शेजारी नव्हती. ती त्या खुर्च्यांमधून वाट काढत सरळ व्यासपीठावर चढली होती. पायातल्या वहाणा तिनं खाली काढून ठेवल्या होत्या, देवळात काढतात तशा. ती फोटोसमोर उभी राहिली, जरा वेळ त्या भेदरलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी हार उचलून काढला. स्वागत समितीतले घरमालक धावत आले. मावशी, हे काय करता, असं म्हणाले.

आई म्हणाली, "हार मी बाईंसाठी केला व्हता. ही कोण हाय ते मला माहीत नाय."

वकीलसाहेब दोन पावलांवर होते. त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तो हार पदरात घेऊन ती खाली उतरली, वहाणा घातल्या, आणि आम्ही दोघी चालत निघालो. गोदावरीच्या पुलावर आईनं हार पाण्यात सोडला. तेव्हा मात्र ती रडली, आणि मीही.

याचं पुढे काय झालं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही, आणि माझ्या संतापाचं कारण तेच आहे. मी वर्तमानपत्रांना लिहिलं, कुणी छापलं नाही. प्रकाशकांना भेटायला मी दादांना घेऊन पुण्याला गेले. त्यांनी चहा दिला आणि वारसाच्या संमतीशिवाय एक स्वल्पविरामही बदलता येत नाही, असं सांगितलं. वारसानं आख्खा शेवट बदलला होता, पण ते कायदेशीर होतं. आमच्या प्राध्यापकांनी मला वर्गात पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. वकीलसाहेब भरपूर जगले, बाईंच्या नावानं त्यांनी एक पुरस्कारही सुरू केला, आणि दरवर्षी तो एखाद्या 'कुटुंबवत्सल' लेखिकेला दिला जायचा. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या लेखिकेनंही तो हसतमुखानं घेतला. मी तिच्याशी पुष्कळ दिवस बोलले नाही. अजूनही मला लोक सांगतात, जाऊ द्या, निदान पुस्तक तरी जिवंत आहे. माणसाचं मुंडकं बदलून धड जिवंत ठेवलं तर त्याला कुणी जिवंत म्हणेल का?

पुढे मी कॉलेजात मराठी शिकवायला लागले आणि एका वर्षी तीच कादंबरी अभ्यासक्रमाला लागली. मला ती शिकवावी लागली. पुस्तकातला शेवट मी वाचून दाखवला, पुस्तक मिटलं, आणि बाईंचा शेवट म्हणून दाखवला. या वेळी कुणी गाणं सुरू केलं नाही. मुलींनी विचारलं, मग परीक्षेत कुठला लिहायचा? मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मार्क हवेत तर छापलेला लिहा. प्राचार्यांपर्यंत तक्रार गेली. त्यांनी मला बोलावून समजावलं की पाठ्यपुस्तकाबाहेरचं शिकवू नये, नसत्या भानगडी होतात. मी ऐकून घेतलं आणि दर वर्षी तेच करत राहिले.

दिंडोरीकडून येणारी एक मुलगी होती, सुनीता. वडील द्राक्षबागेत फवारणीला जायचे. अबोल, शेवटच्या बाकावर बसणारी. निकालानंतर ती मला भेटायला घरी आली. मराठीत तिला फार कमी गुण पडले होते. उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक बाहेरचे होते. 'कादंबरीच्या शेवटाचं महत्त्व विशद करा' या मोठ्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं होतं. मी विचारलं, काय लिहिलंस? ती खाली बघत म्हणाली, गिरणीचं. मी तिच्यावर चिडले. इतकं सांगून ठेवलं होतं, एक वर्ष गेलं असतं ना तुझं, घरच्यांना काय सांगशील.

ती म्हणाली, "मला माहीत व्हतं मॅडम. पण ते किल्लीचं लिहायला घेतलं आन् हातच चालंना."

मी फेरतपासणीचा अर्ज करायला लावला, स्वतः विद्यापीठात जाऊन भेटले, भांडले. उत्तर आलं की मूल्यमापन योग्य आहे, गुणांत बदल नाही. योग्य आहे म्हणे. सुनीता काठावर पास झाली आणि पुढे शिकली, पण त्या शून्याचा मला आजही राग आहे.

तेव्हा आई माझ्याकडेच राहायची. फारसं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. सुनीता गेल्यावर तिनं विचारलं, कोण होती ती, तू एवढी का बोललीस तिला. मी सगळं सांगितलं. प्रश्न सांगितला, तिनं काय लिहिलं ते सांगितलं. आईनं विचारलं, "मग किती दिले?"

मी म्हटलं, शून्य.

आई म्हणाली, "म्हणजे पोरीनं बरोबर लिहिलं."